वाघदेवापुढचा कप

भाद्रपदात पाऊस जरा दम खातो ना, ते दिवस मला सोसत नाहीत. लोकांना आवडतात, आवडू देत. ऊन पडतं, नवापूरच्या रस्त्यावरचा चिखल वरून वाळतो आणि आतून तसाच राहतो. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं करटुली आणि बांबूचे कोंब घेऊन उतरतात, आणि माझ्या कापडाच्या दुकानात ओल्या घोंगड्यांचा आणि कोऱ्या मांजरपाटाचा वास एकत्र होतो. शिवारात भात पोटरीला आलेलं असतं. स्टेशनामागच्या पडीक जमिनीवर गवत असं मऊ होतं की वाटतं, कुणीतरी चेंडू आणावा आणि टाकावा. बस्स, तिथंच माझं डोकं फिरतं. अमीना, माझी बायको, बरोबर ओळखते. "आला तुमचा महिना," म्हणते, आणि तोंडी न लागता चहा ठेवून निघून जाते.

यंदा तर कहरच झाला. गाडीनं वर्तमानपत्र आलं, त्यात बातमी होती की मुंबईच्या मोठ्या फुटबॉल चषकात आता गोऱ्यांची एकही पलटण उतरणार नाही. राज्य गेलं, पलटणी बोटीत बसून गेल्या, आता देशभरातले आपलेच संघ आपसात खेळतील. दुकानात बसलेले सगळे खूश झाले. ओट्यावरच्या शिंप्यानं मशीन थांबवून टाळी दिली. मीही टाळी दिली, का देऊ नये? तेवढ्यात सागपाड्याचा याकोब पायरी चढून आला. चाळिशी उलटली, कानावरचे केस पांढरे झालेत, पण चाल अजून फुटबॉलवाल्याची, पाय जरा बाहेर टाकत.

"काय वाची ऱ्हायनात चाचा?"

"पलटणी गेल्या रे. मुंबईच्या कपात आता गोरा नाही."

तो थांबला. "एक बी नही?"

"एकही नाही."

"चांगलं व्हयनं," तो म्हणाला. मग त्यानं ताग्यांकडे बोट केलं. "सदराले कापड दखाडा, चाचा."

मी कापड काढलं, मोजलं, कात्री लावली, आणि कात्री वाकडी गेली. सगळा जन्म कापड कापण्यात गेला, माझ्या हातून असं होत नाही. पण मला रडू आलं होतं, आणि गिऱ्हाइकासमोर कापडवाल्यानं रडायचं म्हणजे तोबा! ते कापड मी त्याला वाढवून दिलं, एवढंच मला सुचलं.

त्या चषकाचा इतिहास मला कुणी शिकवला नाही. रद्दीच्या वर्तमानपत्रात कापड बांधता बांधता मी तो वाचला. गाठ मारायची सोडून वाचत बसायचो आणि गिऱ्हाईक बोंबलायचं. सुरुवातीची कित्येक वर्षं त्या चषकावर फक्त पलटणींची नावं कोरली गेली. अमकी रायफल, तमकी तोफखान्याची तुकडी. आज ही पलटण पुण्याला, उद्या ती देवळालीला, पण कप फिरून फिरून त्यांच्याच बराकीत. आपल्या लोकांनी मैदानाच्या कडेला उभं राहून बघायचं. पुढं आपले संघ उतरू लागले आणि बहुतेक पहिल्या-दुसऱ्या फेरीत गारद होऊ लागले. कलकत्त्याला मात्र एका दुसऱ्या स्पर्धेत अनवाणी पोरांनी बूटवाल्या पलटणीला लोळवलं होतं. ती गोष्ट जुनी, पण आमच्याकडे ती काल घडल्यासारखी सांगत. कारण आमची पोरंही अनवाणीच. सागपाड्याच्या माणसाला बूट घाला, तो पहिल्यांदा पडेल आणि मग बूट शेजाऱ्याला देऊन टाकेल.

आणि त्या स्पर्धेचा कायदा काय, तर हरला की घरी. मला हा कायदा कधीच पटला नाही. धंद्यात एक दिवाळी कोरडी गेली तर लग्नसराई हात देते. शेतात बी कुजलं तर माणूस रडत का होईना, पुन्हा पेरतो. नापास झालेलं पोर पुढल्या साली परत बसतं. इथं मात्र एक चूक, एकच, आणि गाडी पकडा. अमीना म्हणते, "तुम्हाला पटत नाही तर बघता कशाला?" बायकांचे प्रश्न फार सरळ असतात, त्यामुळे त्यांना उत्तरं नसतात.

तर याकोब. सागपाडा म्हणजे नवापूरहून वर, सरहद्दीच्या डोंगरातलं गाव. निम्मी घरं वाघदेवाला मानणारी, निम्मी ख्रिस्ती झालेली. प्रार्थना वेगळ्या, पण शेतं एकमेकांना लागून आणि हात सगळ्यांचे एकत्र. आज तुझ्या खाचरात लावणी, उद्या माझ्या, परवा त्याच्या. तिथं मजूर लावत नाहीत, शेजारी येतो. याकोबच्या तरणेपणी या गावातल्या पोरांची मी टीम बांधली. मला खेळता येत नव्हतं, पण वर्तमानपत्र वाचता येत होतं, म्हणून मी सेक्रेटरी. याकोब कॅप्टन, बॅकला खेळायचा. गोलमध्ये देवजी, गावच्या भगताचा मुलगा. दोघं एका वयाचे, एकाच ओढ्यात मासे धरून वाढलेले. याकोबनं चेंडू अडवायचा आणि देवजीनं उचलायचा, यात त्यांना बोलावं लागत नसे.

याकोब लग्नाच्या आधी देवळालीकडे बराकींच्या बांधकामावर मजुरीला गेला होता. तिथं पलटणीचा फुटबॉल चालायचा. एकदा चेंडू भिंतीबाहेर आला, यानं पायानं सुरेख परत मारला, थेट एका गोऱ्या शिपायाच्या, सोजिराच्या, छातीवर. सोजिरानं चेंडू गवतावर घासून पुसला आणि मग खेळायला घेतला. एवढंच झालं. मारलं नाही, शिवी दिली नाही. पण याकोबच्या मनात ते बसलं ते बसलं. "चाचा," तो मला म्हणायचा, "मले एक डाव त्यासना संगे खेळानं शे. हारसू तरी चाली. पन चेंडू त्यासले मन्हा पायमाईन लेना पडी." माझ्या पायातून त्यांना चेंडू घ्यावा लागेल. याच्यापलीकडे त्यानं आयुष्यात काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

आमच्या पश्चिम खानदेशाची एक छोटी स्पर्धा नंदुरबारला भरायची, रेल्वेलाइनीजवळच्या मैदानावर. तिचा कायदाही तोच, हरला की घरी. एक साल आमची पोरं तिथं गेली आणि सगळ्यांना धूळ चारून जिंकून आली. चांदीचं पाणी दिलेला दोन कानांचा कप मिळाला. तो फिरता होता. म्हणजे एक वर्ष आपल्या गावी ठेवायचा आणि पुढल्या भाद्रपदात पहिल्या मॅचच्या आधी नंदुरबारला टेबलावर आणून ठेवायचा. नाही ठेवला तर टीमचं नाव खोडलं. मी पंचांसमोर शब्द दिला, "कप येईल." त्यांनी सांगितलं की पुढल्या साली जो जिंकेल त्याचं नाव मुंबईच्या मोठ्या चषकाला पाठवू. याकोबनं ते ऐकलं आणि परतीच्या गाडीत तो बाकावर बसलाच नाही. दारात उभा राहून बाहेर बघत होता.

गावात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि हसत हसत पाहिलं, हीच तर गंमत. त्याच आठवड्यात हळव्या भाताचं नवं होतं. नवं भात आधी शिवेवरच्या वाघदेवाला दाखवायचं आणि मग माणसानं तोंडात घालायचं, ही तिथली रीत. लाकडावर कोरलेला वाघ, शेंदूर माखलेला, भोवती साग. दरसाल भात पानांच्या द्रोणात ठेवत. त्या साली कुणीतरी म्हणालं, एवढा कप जिंकून आणलाय, त्यातच ठेवा. भगतबाबांनी, देवजीच्या बापानं, पहिली मूठ कपात सोडली, कपाला शेंदूर लावला आणि वाघदेवापुढं ठेवला. ढोल वाजला. ख्रिस्ती घरांतली माणसं जरा लांब उभी होती, पण हसत होती, त्यांचाही कप होता ना तो! मी टाळ्या वाजवल्या. नव्या भाताचा द्रोण देवापुढून कधी कुणी परत नेत नाही, तो तिथंच कुजतो, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. पण द्रोण आणि कप यांचा संबंध माझ्याच काय, भगताच्याही डोक्यात त्या दिवशी आला नाही.

त्या साली कमोद जातीचं भात असं पिकलं की कणग्या पुरेनात. गुरांवर वाघ आला नाही. माझ्या दुकानात सागपाड्याच्या बायका लाल काठाची लुगडी मागायला लागल्या, त्यावरून मला कळायचं. सगळं गाव म्हणू लागलं की हे कपाचं देणं. आणि तेव्हा मला पंचांना दिलेला शब्द आठवला.

पुढला भाद्रपद. उघडीप. पोटरीतलं भात. नंदुरबारहून निरोप आला, कप घेऊन या. मी सागपाड्याला गेलो. भगतबाबा अंगणात दोर वळत होते. म्हातारा भला माणूस, मला पाहून त्यानं घोंगडी झटकून पसरली.

"शेठ, देवले दिधं ते दिधं," तो म्हणाला. "आते भात पोटरीमा शे. आते काढसूत आन् करपा पडना, मंग?"

मी म्हटलं, "बाबा, दुसरा कप देतो. नंदुरबारच्या कासाराकडून घडवून आणतो, याच्यापेक्षा मोठा."

म्हातारा हसला, अगदी मनापासून. "देवले बदलीना माल देवाना का, शेठ? तुन्हा दुकानमा चालस का आसं?"

मी पंचांना दिलेल्या शब्दाचं सांगितलं, तो म्हणाला, "तू शब्द दिधा, आम्ही भात दिधं." दोन्ही खरं होतं. मला राग यायला लागला आणि राग कुणावर काढावा ते कळेना. वाघदेवावर काढता येत नव्हता, तो काही माझ्या ओळखीचा नाही.

गाव जमलं. ख्रिस्ती घरांतला एक जण म्हणाला, पितळेचं भांडं आहे, उचला आणि चला. त्यावर दुसऱ्या बाजूनं आवाज चढले. इतकी वर्षं एका खाचरात वाकलेली माणसं तोंडं फिरवून बसली. देवजी मधोमध बसला होता, मान खाली. तेव्हा याकोब उठला आणि म्हणाला, "तुमनामाईन कोनीच नका उचला. तो मन्हा देव नही. मी उचलसू."

मग भगतबाबांनी सांगितलं. उचलायचा तर उचल. गावावर दोष यायचा नाही. पण जो देवापुढलं उचलतो त्यानं दिलेलं, भात घरात येईपर्यंत, कुणी घ्यायचं नाही. पाणी नाही, विस्तव नाही, बी नाही, काही नाही. त्याच्या खाचरात कुणी उतरायचं नाही आणि त्यानं कुणाच्या उतरायचं नाही. "हाई मी नही करेल," म्हातारा म्हणाला. "हाई शेच." हे मी केलेलं नाही, हे आहेच.

याकोबची बायको मार्था मागं उभी होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "कापनीले कोन येई?"

याकोबनं तिच्याकडे पाहिलं नाही. देवजीकडे पाहिलं. "तू गोलमा उभा ऱ्हाशी ना?"

"ऱ्हासू," देवजी म्हणाला. बापानं त्याच्याकडून सगळ्यांच्या आधी कबूल करून घेतलं, याकोबनं दिलेलं काही घेणार नाही म्हणून. भगताचाच मुलगा, त्यानं नाही पाळलं तर कोण पाळणार? देवजीनं वाघदेवापुढं जमिनीला हात लावून कबूल केलं. मग याकोब गेला, त्यानं कप उचलला, आतलं भात हळूच पानावर ओतलं आणि कप छातीशी धरून शिवेबाहेर गेला. मी त्याच्या मागून चालत होतो. त्यानं एकदाही कपाकडे पाहिलं नाही.

नंदुरबारला जाताना गाडीत मार्थानं दिलेल्या भाकरी याकोबनं सवयीनं सगळ्यांपुढं धरल्या. ख्रिस्ती पोरांनी घेतल्या. बाकीची खिडकीबाहेर बघू लागली. देवजीनं मान हलवली. "भूक नही," म्हणाला. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं, मला माहीत होतं. मी माझ्या पिशवीतले खजूर त्याला दिले तेव्हा तो ते असे खायला लागला की मी सगळी पिशवीच त्याच्या मांडीवर ठेवली. ठेसनावर नळाशी याकोब आधी गेला, ओंजळीनं पाणी पिऊन बाजूला झाला, आणि देवजी थोडं थांबून मग गेला. नळाचं पाणी कुणाच्या हातचं नसतं. दोघं एकमेकांशी बोलत होते, हसतही होते. फक्त एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात काही जात नव्हतं.

आजही मला कुणी विचारतं, चाचा, तुमच्या मते चूक कुणाची? अंधश्रद्धा म्हणा, असं शिकलेले लोक सुचवतात. मी त्यांना म्हणतो, तुम्ही जरा गप बसा. भगतबाबांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. ते आपल्या गावाचं भात राखत होते. याकोब आपलं एक स्वप्न राखत होता. देवजी बापाला दिलेला शब्द राखत होता आणि मी पंचांना दिलेला. सगळे राखणदारच, चोर एकही नाही, आणि तरी घर लुटलं गेलं.

कापणीचं आधीच सांगून टाकतो, नाहीतर ते मनात राहील. याकोब आणि मार्था दोघंच आपल्या खाचरात वाकलेले मी पाहिले. बांधापलीकडे सगळं गाव एका ओळीत कापत होतं, गाणी म्हणत; गावाशी वाकडं नको म्हणून ख्रिस्ती घरंही त्याच ओळीत होती. याकोबचं बरंच भात उभ्यानंच झडलं, पाखरांनी खाल्लं. देवजी रोज दुपारी त्या बांधावर येऊन बसायचा. आत उतरता येत नव्हतं, म्हणून नुसता बसायचा. भात घरात आलं, बंदी उठली, आणि पहिल्याच सकाळी देवजी याकोबच्या दारात विस्तव मागायला गेला. त्याच्या स्वतःच्या घरी चूल पेटलेलीच होती म्हणे. मार्थानं निखारे दिले, त्यानं ते उचलले. पुढं दोघं पुन्हा एकमेकांच्या खाचरात वाकू लागले. फुटबॉलला मात्र दोघांनीही परत पाय लावला नाही.

आता मॅच. टाळतो आहे, पण सांगायलाच हवी.

कप टेबलावर ठेवला गेला. पंचांनी शेंदराचा डाग पाहिला, रुमालानं पुसला, आमचं नाव यादीत राहिलं. पहिल्याच फेरीत समोर रेल्वेवाल्यांची टीम, बूट घातलेली, तगडी माणसं. आमची पोरं त्या दिवशी जे खेळली ते मी पुन्हा पाहिलं नाही. याकोब तर भिंत झाला होता. देवजीनं हवेतले, जमिनीवरचे, सगळे चेंडू धरले. हाफटाइमला मी मनातल्या मनात मुंबईला पोचलो होतो, पलटणीचा कॅप्टन कसा हात पुढं करील तेही पाहून झालं होतं. बाजारात तुरी म्हणतात त्या याच.

शेवटाकडे, दोन्हीकडे एकही गोल नसताना, त्यांचा एक गडी उजवीकडून सुटला. याकोबनं त्याला गाठलं, चेंडू काढून घेतला, आणि मागून दुसरा अंगावर येतोय हे पाहून त्यानं जे वर्षानुवर्षं केलं तेच केलं. न बघता चेंडू मागं देवजीकडे दिला. आपल्या माणसानं दिलेला चेंडू गोलकीपरनं हातात घ्यायला कायद्याची काही आडकाठी नव्हती. अगदी सोपा, घरंगळत येणारा चेंडू. त्या सबंध दिवसात याकोबनं देवजीकडे दिलेला तो पहिलाच.

मी गोलच्या मागं उभा होतो, म्हणून मला दिसलं. देवजी खाली वाकला, दोन्ही हात पुढं झाले, आणि चेंडूच्या अलीकडे थांबले. त्यानं हात मागं घेतले नाहीत आणि पुढंही नेले नाहीत. "पायानं मार रे!" मी ओरडलो. त्याला ऐकूच गेलं नाही. चेंडू त्याच्या बोटांसमोरून गेला, सावकाश, दोन बांबूंच्या मधून, आणि माझ्या पायाशी येऊन थांबला.

मैदान हसलं. नंदुरबारच्या लोकांना वाटलं, जंगलातला गडी, ऐनवेळी गांगरला. त्यांना काय ठाऊक! थोड्या वेळानं शेवटची शिट्टी झाली. रेल्वेवाले एकमेकांच्या खांद्यावर चढले. आमची पोरं जागच्या जागी उभी राहिली. देवजी गोलमध्ये गुडघ्यांवर बसला होता, हात मांडीवर उताणे ठेवून, आणि त्या हातांकडे बघत होता.

याकोब सबंध मैदान चालून त्याच्यापाशी आला. सगळ्यांना वाटलं, आता हा त्याला मारणार. मलाही वाटलं. याकोब त्याच्यासमोर उभा राहिला, आणि पडलेल्या गड्याला उठवायला पुढं होतो तसा त्याचा उजवा हात पुढं झाला. अर्ध्यावर आला आणि थांबला. तो हात देवजीला घेता आला नसता, आणि सगळ्यांच्या देखत दुसऱ्यांदा नाकारावा लागला असता. याकोबनं हात मागं घेतला, दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत घट्ट धरले, आणि देवजी आपल्या आपण उठेपर्यंत तो तसाच त्याच्याजवळ उभा राहिला.